भूतबाधेच्या सिनेमाला फाउंड फुटेज शोभतं का? (सोलापुरात शूट करायचाय)

गड्डाप्रेमी (शनिवार, रात्री ९:१२)

नमस्कार मंडळी,

आम्ही चौघं मित्र मिळून अर्ध्या तासाचा भयपट करतोय. चौघंही सोलापूरचे, त्यामुळे गोष्टही इथलीच. पूर्व भागातलं दुमजली घर, खाली टॉवेलचे चार माग, वर कुटुंब. थोरली सून घुमायला लागते. घरचे आधी म्हणतात देवीचं वारं आहे, मग म्हणतात बाहेरचं आहे. पुढचं सांगत नाही.

भांडण शैलीवरून लागलंय. मला हा सिनेमा फाउंड फुटेज करायचाय. म्हणजे जे दिसतंय ते गोष्टीतल्याच कुणीतरी शूट केलंय आणि नंतर ते कुणाच्या तरी हाती लागलंय. कॅमेरा करणारा माझा मित्र म्हणतो, भूतबाधेला हे चालत नाही, नीट लावलेला कॅमेराच हवा. बाधा म्हणजे सगळा चेहऱ्यावरचा खेळ. डोळे, ओठ, मान. हलत्या कॅमेऱ्यात ते निसटतं.

मला उलटं वाटतं. घरात कुणी घुमायला लागलं की पहिला प्रश्न असतो, खरं की ढोंग? प्रकाशयोजना आणि पार्श्वसंगीत आलं की तो प्रश्न पहिल्याच मिनिटाला संपतो, कारण दिग्दर्शकानं आपल्याला उत्तर सांगून टाकलेलं असतं. घरगुती कॅमेऱ्यात तो शेवटपर्यंत टिकतो. शिवाय खिशाचाही विचार आहे. ओरेन पेलीनं 'पॅरानॉर्मल ॲक्टिव्हिटी' स्वतःच्याच घरात सुमारे १५,००० डॉलरमध्ये केला होता. आमच्याकडे चाळीस हजार रुपये जमलेत.

पाहिलेल्या सिनेमांबद्दल सांगा, आणि घरात-गावात कुणाला असं होताना पाहिलं असेल तर तेही.

काय_बे_सोलापूर (रात्री ९:२०)

लई भारी की बे. चाळीस हजारातले दोन हजार शेवटच्या दिवशीच्या शिक कबाबला बाजूला काढून ठेवा. वाचतोय.

भुईकोट (रात्री ९:५८)

मी तुमच्या मित्राच्या बाजूने.

'द एक्सॉर्सिस्ट' (१९७३) करणारा विल्यम फ्रिडकिन माहितीपटांतून आलेला माणूस. त्याला हातातला कॅमेरा येत नव्हता असं नाही. तरी त्याने ही गोष्ट नीट लावलेल्या कॅमेऱ्यानं सांगितली आणि माहितीपटातली फक्त शिस्त घेतली. बाधा झालेल्या मुलीच्या खोलीचा सेट वातानुकूलन यंत्रं लावून इतका गार केला होता की नटांच्या तोंडातून खरी वाफ निघायची. सैतानाचा आवाज मर्सिडीज मॅककेंब्रिज या अभिनेत्रीनं दिला, लहान मुलीच्या ओठांवर तो बसवला. अर्धी भीती त्या आवाजात आहे. घरगुती कॅमेऱ्याच्या माईकवर असलं काही करता येत नाही.

दुसरी अडचण सगळ्यांना माहीत आहे. घरातली बाई भिंतीवर डोकं आपटते आहे आणि हा बाबा कॅमेरा धरून उभा! प्रेक्षक तिथंच तुटतो, 'अरे ठेव तो खाली आणि धर तिला' म्हणतो.

आणि 'द डेव्हिल इनसाइड' (२०१२) विसरू नका. ऐन शेवटी गाडीचा अपघात, काळा पडदा आणि पुढची माहिती हवी तर अमुक वेबसाइट बघा अशी पाटी. अमेरिकेत प्रेक्षकांच्या पाहणीत त्याला 'एफ', म्हणजे सगळ्यात खालची श्रेणी मिळाली. खर्च दहा लाख डॉलरच्या आसपास आणि कमाई दहा कोटींच्या. तेव्हा कमाई दाखवून शैली चांगली आहे असं कुणी सांगू नये.

रातराणी (रात्री १०:३१)

भुईकोट, वाईट सिनेमा दाखवून शैली वाईट ठरत नाही. मग नीट लावलेल्या कॅमेऱ्याचे किती रद्दड भूतपट मोजायचे?

मी भयपटांची वेडी आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते. स्पॅनिश 'रेक' (२००७) पाहिलात का? बार्सिलोनातली एक इमारत, अग्निशमन दलाबरोबर आलेली टीव्हीची बातमीदार आणि तिचा कॅमेरामन पाब्लो. इमारत बाहेरून सील होते. कॅमेरा का चालू आहे हा प्रश्न एकदाही पडत नाही, कारण तेच त्यांचं काम आहे. गंमत म्हणजे हा सिनेमा बाधेचा आहे हे शेवटपर्यंत कळत नाही. सगळे रोगराई समजत राहतात. वरच्या बंद घरात गेल्यावर भिंतींवरची कात्रणं दिसतात आणि मग उलगडतं. तिथे कॅमेऱ्याचा दिवा फुटतो, आता फक्त रात्रीचा मोड. बातमीदाराला काही दिसत नाही, पण आपल्याला दिसतं. नीट लावलेल्या कॅमेऱ्यानं हे कसं करणार सांगा.

याच मालिकेचा तिसरा भाग (२०१२) लग्नाच्या व्हिडिओनं सुरू होतो. वीसेक मिनिटांनी दिग्दर्शक ती शैली सोडून देतो आणि नेहमीचा सिनेमा सुरू होतो. मला तरी त्या क्षणापासून भीती वाटेनाशी झाली.

आणि गड्डाप्रेमी, तुमच्या मित्राला सांगा की फाउंड फुटेज म्हणजे हलता कॅमेराच असं नाही. 'पॅरानॉर्मल'मधल्या रात्री आठवा. कॅमेरा तिवईवर, जागचा हलत नाही. केटी झोपेतून उठते आणि पलंगाशेजारी प्रियकराकडे बघत उभी राहते. कोपऱ्यातलं घड्याळ पळतंय, तास जातात, ती उभीच. चेहरा धड दिसतसुद्धा नाही. मी तो सिनेमा पुण्यात होस्टेलवर पाहिला. त्यानंतर आठवडाभर रूममेटला सांगून ठेवलं होतं, रात्री उठलीस तर आधी आवाज दे.

पूर्वभाग (रात्री ११:०५)

मी त्या भागातलाच. आमच्या घराखाली अजून माग चालतात. एक सांगतो, तुमच्या उपयोगाला येईल.

मागाचा खटखटाट आम्हाला ऐकूच येत नाही. त्या आवाजात आम्ही झोपतो, अभ्यास करतो, फोनवर बोलतो. लाईट जाऊन माग एकदम बंद पडले की जाग येते. लहान पोरं तर त्या शांततेत रडायला लागतात. तुम्हाला पार्श्वसंगीत वापरता येत नाही ना? मग माग वापरा. आणि तो कधी थांबवायचा ते नीट ठरवा.

अवांतर: आमच्यात तेलुगूत देवी अंगात येण्याला पूनकम म्हणतात. आजी सांगायची, पूनकम आलेल्या बाईच्या पाया पडायचं असतं आणि भूत लागलेल्या बाईपासून लांब राहायचं असतं. मी विचारलं, ओळखायचं कसं? ती म्हणाली, घरचे ठरवतात.

गड्डाप्रेमी (रात्री ११:२२)

'घरचे ठरवतात' हे मी वहीत लिहून घेतलं. आजीला नमस्कार सांगा.

हॅलोजनदादा (रविवार, सकाळी ७:४०)

मी १९८९ पासून तेवीस वर्षं लग्नाचं शूटिंग केलं. सोलापूर, अक्कलकोट, मंगळवेढा, इंडीपर्यंत. सिनेमातलं मला फार कळत नाही, पण कॅमेरा हातात असताना समोर कुणी घुमायला लागलं तर काय होतं ते मी वीसेक वेळा तरी बघितलंय. गोंधळात, हळदीत, एकदा तर भर अक्षतांच्या वेळी.

घरातलं निम्मं माणूस म्हणतं, दादा बंद करा. निम्मं म्हणतं, घ्या घ्या, सोडू नका. दोन्ही बाजूंनी हाताला ओढ असते. माझा हात आपोआप खाली जायचा, पण कॅमेरा चालूच राहायचा. मग कॅसेटमध्ये चार-पाच मिनिटं नुसत्या चपला, सतरंजी, पायांची धावपळ आणि वरून आवाज. मिक्सिंगला बसलं की तोच तुकडा सगळ्यात जास्त अंगावर यायचा. बाई दिसतच नसायची.

तेव्हा भुईकोट म्हणतात तो प्रश्न बरोबर, पण त्याचं उत्तर 'कॅमेरा ठेवला पाहिजे' एवढंच नाही. ठेवलेला कॅमेरापण घेत असतो.

बाकी कामाच्या गोष्टी:

अंधारात जुना हँडीकॅम फोकस शोधत राहतो. चित्र आत-बाहेर होतं. हे मुद्दाम कॉम्प्युटरवर केलं की लगेच कळतं, खरा कॅमेरा वापरा.

उजेड कमी पडला की कॅमेरा स्वतःच चित्र उजळवतो आणि सगळीकडे मुंग्या येतात. त्या मुंग्यांत माणूस आहे की पडदा, कळत नाही. मला तरी यासारखी भीती दुसऱ्या कशात दिसली नाही.

माईकच्या सगळ्यात जवळ कोण? कॅमेरा धरणारा. त्यामुळे त्याचा श्वास सगळ्यात मोठा ऐकू येतो. बाईचं ओरडणं लांब आणि ह्याचा श्वास कानात. आवाजाचं काय करायचं ते भुईकोट विचारत होते, तर हे फुकट मिळतं.

रातराणी (सकाळी ८:१५)

दादा, तुम्ही सिनेमातलं कळत नाही म्हणता आणि अख्खा सिनेमा सांगून टाकता. चपला आणि सतरंजी! माझ्या अंगावर आत्ता काटा आलाय.

भीमाकाठ (सकाळी ९:०२)

गड्डाप्रेमी, एक विनंती. 'खरं वाटावं' म्हणून गाणगापूरला जाऊन शूट करू नका.

सोलापूरहून कलबुर्गीच्या गाडीत बसलं की गाणगापूर रोड स्टेशन येतं, त्यामुळे आपल्याकडच्या बऱ्याच घरांचं तिथं जाणं-येणं. मी बारा वर्षांचा असताना आजीबरोबर गेलो होतो. दुपारच्या आरतीला माणसं खांबांवर चढतात, किंचाळतात, स्वतःला झोकून देतात. मला त्यांची भीती वाटलीच. पण लक्षात राहिला तो एक बाप. मुलीची चप्पल हातात धरून खांबाखाली उभा होता, ती उतरली की पायात घालायला. तो एकदाही वर बघत नव्हता.

हल्ली तिथे, आणि तसल्या कुठल्याही ठिकाणी, वीस हात मोबाईल उंच करून उभे असतात. ते व्हिडिओ सकाळी गुड मॉर्निंगच्या फुलांबरोबर आपल्या फोनवर येतात. कुणाची तरी बायको, कुणाची तरी लेक, जिचं नाव-गाव गावभर होतं. सिनेमात सगळं नटांकडून करून घ्या. खऱ्या माणसाला हात लावू नका.

चिकित्सक (सकाळी १०:३०)

भीमाकाठशी शंभर टक्के सहमत. आणि कथेपुरतं एक.

२० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांची हत्या झाली आणि त्यानंतर जादूटोणाविरोधी कायदा आला. त्या कायद्याच्या अनुसूचीत पहिलंच कलम भूत उतरवण्याच्या नावाखाली होणाऱ्या छळाचं आहे. दोरानं किंवा साखळीनं बांधून मारणं, मिरचीची धुरी देणं, छताला टांगणं, केस उपटणं, चटके देणं. ही यादी कुणी कल्पनेनं लिहिलेली नाही, हे सगळं घरांघरांत होत होतं.

भयपटात हेच प्रकार 'उपाय' म्हणून दाखवतात आणि प्रेक्षक भुताला घाबरतो. माझा आक्षेप शैलीला नाही, याला आहे. तुमच्या सिनेमात मांत्रिक असेल तर प्रेक्षकानं त्याच्या हातातल्या मिरच्यांना घाबरलं पाहिजे.

काय_बे_सोलापूर (सकाळी १०:४४)

ह्या प्रतिसादाला +१. खरंच.

डॉ_शेवंती (सकाळी ११:५०)

मी मानसोपचारात काम करते. दोनच मुद्दे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या वर्गीकरणात बाधेच्या अवस्थेला स्वतंत्र जागा आहे. दुसरीच कुणीतरी शक्ती आपला ताबा घेते असं माणसाला वाटतं, वागणं-बोलणं बदलतं, आणि ते त्याच्या इच्छेवर नसतं. पण त्यातच असंही म्हटलंय की ज्या समाजात हे धार्मिक किंवा सामूहिक रीतीचा भाग म्हणून मान्य आहे, तिथे त्याला आजार म्हणायचं नाही. गोंधळात देवीचं वारं येणं आणि घरात कोंडलेली सून घुमणं यात मी फरक करते तो इथे. दुसरीच्या वाट्याला त्रास असतो.

दुसरं, 'खरं की ढोंग' हा प्रश्न मला अपुरा वाटतो. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक बायका ढोंग करत नसतात आणि त्यांना भूतही लागलेलं नसतं. ज्या घरात सुनेला 'मला झेपत नाही' म्हणता येत नाही, तिथे तिच्या अंगातली देवी ते म्हणते. तुमच्या कथेत ती घुमताना काय बोलते ते जपून लिहा.

भुईकोट (दुपारी १:१५)

डॉक्टरांच्या प्रतिसादानंतर मला माझ्याच उदाहरणाचा पुढचा भाग सांगावासा वाटतोय.

फ्रिडकिननं 'एक्सॉर्सिस्ट'नंतर चाळीसेक वर्षांनी, २०१६ मध्ये, रोममध्ये फादर गॅब्रिएल आमोर्थ या धर्मगुरूंनी केलेला सैतान काढण्याचा खराखुरा विधी चित्रित केला. सोबत माणसं नाहीत, वेगळे दिवे नाहीत, एकटा आणि हातात छोटा कॅमेरा. त्याचा माहितीपट झाला. म्हणजे ज्यानं या प्रकारातला सगळ्यात गाजलेला सिनेमा केला, त्याच्याच हातात शेवटी तुमचं ते घरगुती फुटेज आलं. मी तो पाहिला. मला सैतानाची भीती वाटली नाही. त्या खुर्चीत बसलेल्या, लोकांनी धरून ठेवलेल्या बाईची काळजी वाटली.

यावरून माझं मत असं होतंय की घरगुती कॅमेरा बाधेची भीती वाढवत नाही, तो ती घालवतो. म्हणून पुन्हा, मित्राचं ऐका.

रातराणी (दुपारी १:५०)

किंवा तो भीतीची जागा बदलतो! भुईकोट, तुम्ही माझ्याच बाजूनं बोलताय.

यापेक्षा जुनं उदाहरण देते. जर्मनीतली ॲनेलीझ मिखेल. १९७५-७६ मध्ये तिच्यावर ६७ वेळा विधी झाले आणि त्यांतले बरेचसे कॅसेटवर ध्वनिमुद्रित केलेले आहेत. १ जुलै १९७६ ला ती गेली, तेव्हा तिचं वजन तीस किलोच्या आसपास होतं. १९७८ मध्ये न्यायालयानं आईवडील आणि दोन धर्मगुरूंना दोषी धरलं. तिच्यावरून 'द एक्सॉर्सिझम ऑफ एमिली रोझ' (२००५) निघाला.

त्या कॅसेट करणाऱ्यांना वाटत होतं, आपण सैतानाचा पुरावा गोळा करतोय. आज ऐकणाऱ्याला त्यात एक मुलगी उपाशी मरताना ऐकू येते. टेप तीच. माझ्या मते या शैलीची सगळी ताकद इथे आहे. शूट करणारा एक समजून शूट करतो आणि बघणाऱ्याला दुसरंच दिसतं. नीट लावलेला कॅमेरा कुणाचाच नसतो, त्यामुळे तो चुकतही नाही.

अनघा_होटगी (दुपारी ४:२६)

मी फारशी लिहीत नाही, पण सकाळपासून हा धागा डोक्यातून जात नाहीये.

माझ्या मावशीच्या अंगात यायचं. आमचं आजोळ अक्कलकोट तालुक्यातलं. १९९४ साली मामाचं लग्न झालं, तिसऱ्या दिवशी घरी गोंधळ घातला. लग्नाच्या कॅसेटमध्येच तो आहे. माझ्या बाबांनी कुणाचा तरी कॅमेरा मागून आणला होता, गोंधळाचं शूटिंग त्यांचंच.

सुरुवातीला कॅमेरा संबळवाल्यावर आहे. मावशी डाव्या कोपऱ्यात, अर्धीच दिसते. मांडीवर हात, आणि उजव्या हाताचं एक बोट संबळाच्या तालाच्या थोडं पुढे-पुढे हलतंय. बाबांना ते दिसलेलं नाही. कॅमेरा गोंधळ्याचं गाणं घेत राहतो. चाळीसेक सेकंद. मग कुणी बाई म्हणते, 'अगं आलं बघ', आणि चित्र झर्रकन तिकडे वळतं.

पुढे सगळं तुम्ही पाहिलेलं. केस सुटलेले, बायका हळदकुंकू लावतायत, आजी विचारते आहे, कोण आहेस बाई, काय पाहिजे तुला. मध्येच बाबांचा आवाज, 'इकडं लाईट मार.'

लहानपणी आम्ही भावंडं हा तुकडा मागं-पुढं करून बघायचो. भीती वाटायची आणि मजाही यायची, खरं तेच सांगते. मावशी २०११ मध्ये गेली. त्यानंतर एकदा आईला तिला बघावंसं वाटलं म्हणून कॅसेट लावली. तेव्हा मी पहिल्यांदा शेवट नीट पाहिला. वारं उतरल्यावर मावशी खाली बसते. पाणी पिते. मान वर करते, आणि शुद्धीवर आल्यावर तिला समोर पहिली गोष्ट दिसते ती कॅमेरा. ती थेट त्यात बघते आणि पदर तोंडावर ओढून घेते.

आणि बाबा शूटिंग चालूच ठेवतात. दहा-बारा सेकंद. नुसता पदर. आत ती श्वास घेतीये ते हलताना दिसतं.

बाबा फार मायाळू माणूस. त्यांना वाईट असं काही करायचं नव्हतं. पण आईनं त्या दिवशी कॅसेट काढली आणि कपाटात साड्यांखाली ठेवली, ती अजून तिथेच आहे.

तेव्हा गड्डाप्रेमी, तुमचा प्रश्न शैलीचा आहे, मला एवढंच विचारायचंय, कॅमेरा कुणाच्या हातात आहे? आणि ती बाई शुद्धीवर आल्यावर त्याला काय म्हणते?

डॉ_शेवंती (दुपारी ५:०३)

अनघाताई, हे लिहिल्याबद्दल आभार. तो पदर मी विसरणार नाही.

हॅलोजनदादा (संध्याकाळी ६:१०)

अनघाताई, माझ्या तेवीस वर्षांत अशा किती जणींनी पदर ओढला असेल आणि मी घेत राहिलो असेन. कुणी कधी म्हटलंच नाही. तुम्ही म्हणालात.

गड्डाप्रेमी (रात्री ८:४५)

दुपारपासून आम्ही चौघं कंबर तलावावर बसून हा धागा वाचत होतो.

ताई, खरं सांगायचं तर कॅमेरा कुणाच्या हातात हे आम्ही 'धाकटा दीर, नवीन कॅमेऱ्याची हौस' एवढ्यावर सोडलं होतं. आता ते पुरणार नाही असं वाटतंय. हौसेनं कुणी इतका वेळ शूट करत नाही.

दुसरी अडचण माझ्या मित्राची. गोष्ट आजची, दीर मोबाईलवर शूट करणार. मग तो मोबाईल सापडला तरी उघडणार कोण? लॉक असतंच.

काय_बे_सोलापूर (रात्री ८:५२)

मोबाईल नको बे. माझा स्वतःचा मोबाईल मला चेहरा बघितल्याशिवाय उघडू देत नाही, भुताला काय देणार. कॅसेटवर घ्या. कॅसेटला लॉक नसतं.

अनघा_होटगी (रात्री ९:३०)

दीर का शूट करतो ते मी सांगू? आमच्या शेजारात झालेलं आहे, नावगाव सांगत नाही.

माहेरच्यांना दाखवायला. 'बघा तुमची मुलगी, आम्हाला न सांगता दिलीत.' तिला परत पाठवायचं असतं, त्यासाठी पुरावा हवा असतो. म्हणून तो थांबत नाही. उलट ती शांत असते तेव्हा सगळे वाट बघत बसतात, कधी एकदा घुमते.

रातराणी (रात्री ९:३४)

देवा.

भुईकोट (रात्री ९:५५)

हे कारण असेल तर माझा मुख्य आक्षेप संपला. 'ठेव तो कॅमेरा खाली' असं प्रेक्षक ओरडेल, पण आता ते पटकथेतलं भोक म्हणून नाही. तेच तुम्हाला हवं आहे.

एक मात्र अजून म्हणतो. हा सिनेमा त्या सुनेचा होणार नाही. तिच्या मनात काय चाललंय ते या कॅमेऱ्याला कधीच कळणार नाही, कारण धरणाऱ्याला ते कळून घ्यायचंच नाहीये. तिची गोष्ट सांगायची असेल तर नीट लावलेला कॅमेरा घ्या, तिच्याजवळ बसवा, वेळ द्या. घरच्यांची गोष्ट सांगायची असेल तर दिराचा कॅमेरा. दोन्ही एकाच अर्ध्या तासात मावणार नाही. आधी हे ठरवा.

चिकित्सक (रात्री १०:१२)

भुईकोट यांनी मुद्दा नेमका धरला. माझं मत घरच्यांच्या गोष्टीला.

हॅलोजनदादा (रात्री १०:४०)

कॅसेटवर घेणार असाल तर एक ऐका. जुन्या कॅसेट डिजिटल करून देण्याचं काम मी अजून करतो. पावसाळ्यात ठेवलेल्या कॅसेटला पांढरी बुरशी येते, ती पुसून चालवायच्या. त्यात कायम बघतो, लोकांनी एकावर एक रेकॉर्डिंग केलेलं असतं. साखरपुड्याच्या कॅसेटवर बारसं, बारशावर सहल. नवीन रेकॉर्डिंग जिथं संपतं तिथं चित्र फाटतं, रंगांचे पट्टे येतात, आणि खालचं जुनं दिसायला लागतं. घरच्यांना आठवतही नसतं त्याखाली काय होतं.

ज्यांनी पुरावा म्हणून शूट केलं, त्यांना नंतर तो पुरावा नकोसा झाला तर ते काय करतील? फेकणार नाहीत, तेव्हा कॅसेट महाग होती. वरून दुसरं काहीतरी घेतील.

पूर्वभाग (रात्री १०:५८)

दिराचा साखरपुडा. सून परत पाठवली आणि दोन वर्षांनी त्याच कॅसेटवर दिराचा साखरपुडा घेतला.

गड्डाप्रेमी (रात्री ११:३०)

मंडळी, माझे हात थरथरतायत. ठरलं ते लिहितो, कुठे चुकत असेल तर धरा.

साल १९९८. सिनेमा साखरपुड्यानं सुरू होतो, पाच-सहा मिनिटं. पेढे, फोटो, हसणं, खाली माग चालू. मग चित्र फाटतं आणि त्याच घरातली दोन वर्षांपूर्वीची रात्र दिसायला लागते. दीर वाट बघतोय. मग ती घुमते. मांत्रिक येतो, मिरच्या येतात, तिथे कॅमेरा खाली जातो, चपला आणि सतरंजी, दादांनी सांगितलं तसं. माग थांबतात. शेवटी ती शुद्धीवर येते आणि कॅमेऱ्याकडे बघते. पदराचं अनघाताईंच्या परवानगीशिवाय घेणार नाही.

आणि कॅसेट सापडते कुणाला, याचा मी आजवर विचारच केला नव्हता. कॅसेट डिजिटल करून देणाऱ्या दुकानात ती घेऊन आलेली मुलगी त्या सुनेची आहे. तिला तिच्या आईचं फक्त लग्नाचं फुटेज हवं होतं. ती दिसणार नाही, पडद्याच्या काचेत तिची सावली तेवढी दिसेल.

माझा मित्र तयार झालाय. म्हणतो, चेहरा कमी दिसेल, पण जेव्हा दिसेल तेव्हा तोच बघेल सगळ्यांकडे.

अनघा_होटगी (रात्री ११:४८)

परवानगी आहे. फक्त त्या नटीला आधी सांगा की पदर ओढल्यावर कॅमेरा बंद होणार नाही. तिला ते ऐनवेळी कळू देऊ नका.

हॅलोजनदादा (सोमवार, सकाळी ७:१५)

माझ्याकडे छोट्या कॅसेटचा एक जुना कॅमेरा आहे, चालू स्थितीत. कॅसेट तीस मिनिटांची, म्हणजे तुमचा अख्खा सिनेमा एका कॅसेटएवढाच. पैसे नकोत. पण बॅटरी मेलेली आहे, नवीन मिळत नाही. अडॅप्टर लावून चालवावा लागेल, वायर पोचेल तिथवरच जाता येईल.

गड्डाप्रेमी (सकाळी ७:२०)

दादा, वायर किती लांब आहे?

हॅलोजनदादा (सकाळी ७:३२)

आत्ता मोजली. तीन मीटर.

गड्डाप्रेमी (सकाळी ७:४०)

तिच्या खोलीच्या दारापर्यंत येते. आत नाही जात. एक्स्टेन्शन आणू नका दादा, तेवढीच राहू दे. रविवारी सकाळी कॅमेरा न्यायला येतो.